पेनड्राइव्ह ‘वापरात आहे’ म्हणून निघत नाही? धरून बसलेला प्रोग्रॅम असा शोधा

काम संपलंय, फाइल सेव्ह झालीय, सगळ्या खिडक्या मिटल्यात. तरी कोपऱ्यातल्या ‘सेफली रिमूव्ह हार्डवेअर’च्या चिन्हावर क्लिक केलं की निरोप तोच: ‘धिस डिव्हाइस इज करंटली इन यूज’. जो प्रोग्रॅम हे वापरतोय तो बंद करा आणि पुन्हा करून पाहा, असंही खाली लिहिलेलं असतं. पण कोणता प्रोग्रॅम, ते विंडोज सांगत नाही. दोनतीनदा क्लिक करून माणूस कंटाळतो, काउंटरवर पुढचं गिऱ्हाईक उभं असतं, आणि पेनड्राइव्ह सरळ उपसला जातो. बहुतेक वेळा काही बिघडत नाही, म्हणूनच सवय लागते. ज्या दिवशी बिघडतं, त्या दिवशी त्यात कुणाचा तरी प्रबंध नाहीतर लग्नाचे फोटो असतात.

नागपुरात सीताबर्डी, धंतोली, लॉ कॉलेज चौक या भागांतल्या झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानांत आणि टॅक्सवाल्यांच्या ऑफिसांत कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा माझा धंदा. ही तक्रार तिथं कायमची. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतो.

घाईत असाल तर आधी एवढं करा. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडा. डावीकडे ‘विंडोज लॉग्ज’, त्याखाली ‘सिस्टिम’. यादीत सगळ्यात वर, म्हणजे आत्ताच्या वेळेची, ‘कर्नल-पीएनपी’ सोर्सची २२५ क्रमांकाची नोंद दिसेल. अडवणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव तिच्यात असतं. तो प्रोग्रॅम पूर्ण बंद करा आणि पुन्हा इजेक्ट करा. निघालं तर पुढचं निवांत वाचा, नाही निघालं तर आत्ताच वाचा.

इजेक्ट केल्यावर आत काय होतं

दोन कामं होतात, आणि लोकांना त्यातलं एकच माहीत असतं.

पहिलं काम म्हणजे राहिलेलं लिहून टाकणं. पेनड्राइव्ह रॅमच्या मानानं फारच हळू. त्यामुळं लिहायचा डेटा विंडोज काही वेळ रॅममध्ये धरून ठेवू शकतं आणि सवडीनं खाली उतरवतं. इजेक्ट म्हटलं की उरलासुरला सगळा डेटा लगेच उतरवला जातो.

दुसरं काम म्हणजे चौकशी. या ड्राइव्हवरची एखादी फाइल किंवा फोल्डर कुणी उघडून ठेवलंय का, हे विंडोज विचारतं. एकानं जरी ‘हो, माझं काम चालू आहे’ म्हटलं की सगळं थांबतं आणि तो निरोप येतो. म्हणजे तो निरोप हा कॉम्प्युटरचा हट्ट नव्हे. कुणीतरी खरंच काहीतरी धरलेलं असतं.

आता २०१८ ची भानगड. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टनं बाहेरून लावायच्या ड्राइव्हसाठी ‘क्विक रिमूव्हल’ ही पद्धत मूळची ठेवली. त्याआधी ‘बेटर परफॉर्मन्स’ असायची. क्विक रिमूव्हलमध्ये विंडोज लिखाण रॅममध्ये साठवत नाही, वेग थोडा कमी होतो, पण ड्राइव्ह केव्हाही काढायला तयार राहतो. त्या चिन्हावर क्लिक न करता काढला तरी चालेल, असं मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं. तेव्हापासून ‘आता इजेक्टची गरजच नाही’ असं ठासून सांगणारा एक तरी जण प्रत्येक ऑफिसात भेटतो.

त्याचं म्हणणं अर्धंच खरं. पहिल्या कामापुरती सोय झाली, दुसरं काम तसंच राहिलं. कॉपी अर्ध्यावर असेल, वर्डमध्ये फाइल उघडी असेल, टॅलीचा डेटा थेट पेनड्राइव्हवरून चालू असेल, तर क्विक रिमूव्हल काही वाचवत नाही. शिवाय ही सेटिंग प्रत्येक ड्राइव्हची वेगळी असते आणि त्याच कॉम्प्युटरच्या त्याच पोर्टला लावल्यावर लक्षात राहते. मागं कुणी ‘बेटर परफॉर्मन्स’ करून ठेवलं असेल तर त्या पोर्टला ते अजून तसंच असणार.

बघायचं असेल तर स्टार्टवर राइट क्लिक, ‘डिस्क मॅनेजमेंट’. खालच्या भागात डाव्या कडेला ‘डिस्क १’, ‘डिस्क २’ असे करडे चौकोन दिसतात, त्यातल्या आपल्या चौकोनावर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, मग ‘पॉलिसीज’. चौकोनाऐवजी शेजारच्या पट्टीवर क्लिक केलं तर वेगळीच खिडकी उघडते आणि पॉलिसीज सापडत नाही, इथं बरेच जण अडकतात. दुकानातल्या मशीनवर क्विक रिमूव्हलच ठेवा. ‘बेटर परफॉर्मन्स’ फक्त अशा ठिकाणी, जिथं एकच माणूस बसतो, बॅकअपची मोठी हार्ड डिस्क कायम लावलेली असते आणि यूपीएसची बॅटरी खरोखर जिवंत आहे.

आणि मधेच उपसला तर नेमकं जातं काय? फॅट३२ किंवा एक्सफॅट (ड्राइव्हवर फाइली मांडून ठेवायच्या या पद्धती) पेनड्राइव्हवर फाइल म्हणजे तिचा मजकूर एकीकडे, तो कुठंकुठं ठेवलाय याचा तक्ता दुसरीकडे, आणि नाव व आकार लिहिलेली फोल्डरमधली नोंद तिसरीकडे. मजकूर उतरला आणि नोंद व्हायच्या आत वीज तुटली, तर शेताचा ताबा मिळाला पण फेरफार झाला नाही, सातबारा जुन्याच नावावर, तशी गत होते. फाइल शून्य केबीची दिसते, नाहीतर दिसतच नाही. फॅट३२ आणि एक्सफॅटमध्ये अर्धवट राहिलेलं काम पुन्हा जुळवायला जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही, नसतं. एनटीएफएस या पद्धतीत असतं, पण ते फोल्डरांची रचना सावरतं, तुमच्या फाइलीतला मजकूर नव्हे.

यूएसबीच्या चौकोनी प्लगमध्ये विजेच्या पट्ट्या डेटाच्या पट्ट्यांपेक्षा थोड्या लांब असतात, म्हणजे काढताना वीज सगळ्यात शेवटी तुटते. चालू मशीनमध्ये लावता-काढता यावं म्हणून ती योजना आहे. त्यामुळं पोर्ट जळत नाही, एवढंच. रॅममध्ये राहिलेला डेटा त्यानं खाली उतरत नाही.

नेहमीचे आरोपी

२२५ ची नोंद वाचताना एक घोटाळा होतो, तो आधी सांगतो. नोंदीत ‘डिव्हाइस, हार्डडिस्कव्हॉल्यूम ३, विंडोज, एक्सप्लोरर डॉट ईएक्सई’ अशी लांबलचक वाट दिसते. हा हार्डडिस्कव्हॉल्यूम म्हणजे आपला पेनड्राइव्ह नव्हे. अडवणारा प्रोग्रॅम स्वतः जिथं राहतो तो पत्ता आहे, बहुधा सी ड्राइव्हचाच. शेवटचं नाव आणि त्यापुढचा प्रोसेस आयडी (चालू प्रोग्रॅमचा क्रमांक), एवढंच कामाचं. ज्या डिव्हाइसला अडवलं ते वाक्याच्या शेवटी ‘यूएसबी’पासून सुरू होणाऱ्या अक्षरांत असतं.

नाव एक्सप्लोररचं निघालं तर पेनड्राइव्हचं फोल्डर कुठल्या तरी खिडकीत उघडं आहे, किंवा उजवीकडचा प्रिव्ह्यू पेन चालू आहे. फोटो-व्हिडिओंचं फोल्डर असेल तर छोटी चित्रं बनवायचं काम मागं चाललेलं असतं. खिडकी बंद करून थोडं थांबा. नाहीच सुटलं तर टास्क मॅनेजरमध्ये ‘विंडोज एक्सप्लोरर’ निवडून ‘रीस्टार्ट’ करा. टास्कबार क्षणभर गायब होऊन परत येतो, घाबरू नका.

आणि मग टास्क मॅनेजर बंद करा. कारण नोंदीत कधीकधी नाव त्याचंच निघतं! डिस्कचा वेग मोजत बसलेला असताना तो स्वतःच ड्राइव्ह अडवतो.

सगळ्यात जास्त डोकं खाणारा आरोपी मात्र ‘ओपन’ आणि ‘सेव्ह ॲज’ची खिडकी. समजा ब्राउझरमधून मेलला पेनड्राइव्हवरची फाइल जोडली. मेल गेला, टॅब बंद केला, फाइल कुठंच उघडी नाही. तरी इजेक्ट होत नाही आणि नोंदीत नाव ब्राउझरचं. होतं असं की फाइल निवडताना त्या प्रोग्रॅमचं ‘चालू फोल्डर’ पेनड्राइव्हवरचं होऊन बसतं, आणि विंडोज ते फोल्डर त्याच्या नावानं उघडं धरून ठेवतं. पीडीएफ वाचणारे, फोटो एडिट करणारे, जुने डीटीपीचे प्रोग्रॅम, सगळ्यांत हे दिसतं. फाइल बंद करून भागत नाही, प्रोग्रॅमच बंद करावा लागतो. बंद करणं परवडत नसेल, समजा कोरलड्रॉमध्ये दुसऱ्या गिऱ्हाइकाची पत्रिका उघडी आहे, तर ‘ओपन’वर जाऊन डेस्कटॉपवरची कुठलीही एक फाइल उघडा. चालू फोल्डर तिकडं सरकतं आणि पेनड्राइव्ह सुटतो. हा उपाय मी ज्या दुकानात दाखवला तिथून पुन्हा त्या कारणासाठी फोन आला नाही.

वर्ड फाइल उघडी असेपर्यंत ती सोडत नाही, आणि त्याच फोल्डरात आपल्या लपलेल्या तात्पुरत्या फाइली बनवतो. नावाच्या सुरुवातीला नागमोडी रेघ आणि डॉलरचं चिन्ह असलेली फाइल पेनड्राइव्हवर दिसली, तर डॉक्युमेंट उघडं आहे किंवा कधीतरी मधेच उपसलं गेलंय. कोरलही ‘बॅकअप ऑफ’ नावाची प्रत मूळ फाइलीशेजारीच ठेवतो. म्हणजे तुम्ही एक फाइल उघडता आणि पेनड्राइव्हवर लिखाण होतं दोनतीन फाइलींचं.

टॅलीवाल्यांचा प्रकार वेगळा. रिटर्नच्या सीझनमध्ये अकाउंटंट मंडळी पार्ट्यांचा डेटा पेनड्राइव्हवर घेऊन फिरतात आणि कंपनी थेट तिथूनच उघडतात. कंपनी चालू असेपर्यंत त्या फोल्डरातल्या फाइली उघड्याच असणार, त्यात टॅलीचा दोष नाही, कुठलंही अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर असंच वागेल. आधी कंपनी ‘शट’ करा, मग टॅलीतून बाहेर पडा, मग इजेक्ट. खरं तर डेटा कॉम्प्युटरवर ठेवून पेनड्राइव्हवर फक्त बॅकअप घ्यायला हवा. एन्ट्री चालू असताना पेनड्राइव्हला कोपराचा धक्का लागला, तर नुसती ती एन्ट्री जात नाही, अख्खी कंपनी उघडायची बंद होऊ शकते.

अँटिव्हायरस मोठी हार्ड डिस्क लावली की मागं स्कॅन करायला घेतो. थांबणं हाच उपाय. स्कॅन मधेच मारून टाकू नका, निदान झेरॉक्सच्या दुकानात तरी नाही. नाव ‘सर्च इंडेक्सर’चं, म्हणजे शोधासाठी फाइलींची यादी करणाऱ्या विंडोजच्या प्रोग्रॅमचं, असेल तर कंट्रोल पॅनलच्या ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’मधून तो ड्राइव्ह काढून टाका, तो त्रास कायमचा जातो.

नोंदीत ‘सिस्टिम’ लिहिलंय, प्रोसेस आयडी ४

इथं लोक हात टेकतात. ‘सिस्टिम’ म्हणजे विंडोज स्वतः. पण विंडोज तरी कुणासाठी धरून बसलंय?

दुकानात आधी नेटवर्क तपासा. पुढच्या काउंटरच्या मशीनला लावलेली हार्ड डिस्क शेअर केलेली असते आणि आतल्या खोलीतला ऑपरेटर तिच्यावरची फाइल उघडून बसलेला असतो. इकडं सगळं बंद, तिकडं चालू. ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’ उघडा, ‘शेअर्ड फोल्डर्स’, त्यात ‘ओपन फाइल्स’. कोण काय उघडून बसलंय ते तिथं दिसतं. आतल्या माणसाला आवाज द्या. तिथूनच जबरदस्तीनं बंद करायची सोय आहे, पण त्याचं सेव्ह न केलेलं काम जाईल आणि भांडण तुमच्याशी होईल.

शेअरिंग नसेल तर ‘फाइल हिस्टरी’चा बॅकअप त्या डिस्कवर लावलाय का ते बघा. तेही नसेल तर विंडोज आणि आर दाबून ‘रेसमॉन’ टाइप करा, इंग्रजीत आर-ई-एस-एम-ओ-एन. रिसोर्स मॉनिटर उघडेल. ‘सीपीयू’ टॅबमध्ये ‘असोसिएटेड हँडल्स’ची पट्टी आहे, तिच्या शोधचौकटीत ड्राइव्हचं अक्षर आणि कोलन टाका. त्या ड्राइव्हवरच्या उघड्या फाइलींची नावं आणि त्या धरणारे प्रोग्रॅम समोर येतात. मायक्रोसॉफ्टच्याच ‘पॉवरटॉइज’ या मोफत संचात ‘फाइल लॉकस्मिथ’ आहे, तो टाकला की फोल्डरवर राइट क्लिक करूनही हे बघता येतं. रोज ही कटकट असेल तर तो टाकून घ्या.

काहीच सापडत नसेल आणि बाहेरची हार्ड डिस्क असेल, तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्याच करड्या चौकोनावर राइट क्लिक करून ‘ऑफलाइन’ करा. चौकोनात ऑफलाइन दिसलं की काढा. पुढच्या वेळी लावल्यावर ती दिसणार नाही, तिथंच जाऊन ‘ऑनलाइन’ करावी लागेल. हे विसरून ‘डिस्क उडाली’ म्हणून फोन करणारे असतात. साध्या पेनड्राइव्हला बहुधा हा पर्याय दिसत नाही. तिथं साइन आउट करून परत या, नाहीतर शटडाउन करा.

शटडाउनला मात्र एक मेख आहे. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. नेहमीसारखं शटडाउन केलं की विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तिथूनच सुरू होतं. रात्री तीच हार्ड डिस्क काढून घरच्या मशीनवर तिच्यात नवं काही टाकलं आणि सकाळी परत इथं लावली, तर दोघांची माहिती जुळत नाही आणि फाइली बिघडू शकतात. म्हणून ड्राइव्ह काढायसाठी बंद करत असाल तर शिफ्ट दाबून धरून शटडाउनवर क्लिक करा. स्लीपमध्ये गेलेल्या लॅपटॉपमधून तर काढूच नका. आधी जागा करा, इजेक्ट करा, मग काढा.

कुणी हात न लावता ड्राइव्ह निघतो तेव्हा

एक तक्रार अशी असते: कुणी काढला नाही, तरी ‘टुंग-टुंग’ आवाज येतो, ड्राइव्ह जातो आणि येतो. परिणाम उपसल्यासारखाच. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला आतून एक लांब वायर जाते, ती सैल असते किंवा तिच्यातून पुरेसा विद्युतप्रवाह पोचत नाही. यूएसबी २ च्या पोर्टनं ५०० मिलीअँपिअर द्यायचे असतात, यूएसबी ३ च्या पोर्टनं ९००. बाहेरची हार्ड डिस्क फिरायला सुरू होताना यापेक्षा जास्त ओढू शकते. तिला नेहमी मागच्या, मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा. एका पोर्टला चार फाटे फोडणारा बिनविजेचा हब तर हार्ड डिस्कसाठी नकोच. लॅपटॉपवर हे होत असेल तर पॉवर ऑप्शन्समधलं ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करून बघा.

नागपूरच्या उन्हाळ्यात यात विजेची भर पडते. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, प्रत्येक दुकानात कूलर, आणि मोटर सुरू होताना दिवे मिणमिणतात. यूपीएसची बॅटरी फुगून गेलेली, म्हणजे तो नुसता पेटी म्हणून ठेवलेला. लाइट गेली आणि कॉपी चालू होती, तर तो उपसलेला पेनड्राइव्हच समजा.

काउंटरवरची पद्धत

हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत यशवंत स्टेडियमजवळ मोर्चे थांबतात तेव्हा जवळच्या टायपिंग-झेरॉक्सवाल्यांना जेवायला फुरसत नसते. निवेदनाची फाइल पेनड्राइव्हवर, ती तिथंच उघडली, दोन ओळी बदलल्या, प्रिंट काढली आणि ओढला पेनड्राइव्ह. संध्याकाळी माणूस परत येतो:

“भाऊ, सकाळी दुरुस्त केलेली फाइल याच्यात दिसून नाही रायली.”

“सेव्ह तं केली होती ना बावा.”

“जुनीच दिसते. नाव तेच हाय, आतमंदी कालचंच हाय.”

दोघंही खरं बोलतात. पेनड्राइव्हवर थेट काम करणं हेच चुकतं. गिऱ्हाइकाची फाइल आधी डेस्कटॉपवर कॉपी करा, पेनड्राइव्ह लगेच इजेक्ट करून त्याच्या हातात द्या, आणि काम प्रतीवर करा. बदललेली फाइल परत हवी असेल तर शेवटी एकदाच कॉपी करा, पेनड्राइव्हवरून ती उघडून दाखवा, बंद करा, काढा. काउंटरवर हा नियम चालवला तर ‘वापरात आहे’चा निरोप जवळजवळ दिसेनासा होतो, कारण पेनड्राइव्हवरचं काही उघडं राहतच नाही.

फाइली दिसत नाहीत म्हणजे दर वेळी डेटा गेला असंही नाही. सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले दिसत असतील, किंवा जागा भरलेली दिसतेय पण आत काहीच नाही, तर तो शॉर्टकट व्हायरस आहे. इजेक्टचा त्याच्याशी संबंध नाही. मूळ फाइली लपवून ठेवलेल्या असतात. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नका. फोल्डर ऑप्शन्समध्ये लपलेल्या फाइली दाखवा हे निवडा, ‘प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ समोरची टिकही काढा. फाइली दिसल्या की कॉपी करून घ्या आणि मग पेनड्राइव्ह साफ करा.

लिनक्स आणि मॅक

लिनक्सवर कॉपीची पट्टी १०० टक्क्यांना पोचते तेव्हा डेटा बऱ्याचदा रॅममध्येच असतो. मोठी फाइल असेल तर पट्टी संपल्यावरही बराच वेळ लिखाण चालू राहतं. फाइल मॅनेजरमधून इजेक्ट करा आणि काढायला हरकत नाही असा निरोप येईपर्यंत थांबा. टर्मिनल वापरणाऱ्यांनी ‘सिंक’ द्यावं, ते परत येईपर्यंत लिखाण संपलेलं नसतं. ‘टार्गेट इज बिझी’ आलं तर बहुतेकदा टर्मिनलच त्या फोल्डरात उभं असतं, बाहेर या. मॅकवर फाइली शोधणारा स्पॉटलाइट किंवा फाइली उघडून दाखवणारा प्रिव्ह्यू धरून बसतो. थोडं थांबून परत इजेक्ट करा, ‘फोर्स इजेक्ट’ शेवटी. मॅक एनटीएफएस ड्राइव्ह वाचतो पण त्यावर लिहीत नाही, म्हणून दोन्हीकडे फिरणारा पेनड्राइव्ह एक्सफॅट ठेवावा लागतो. फॅट३२ वर ४ जीबीची फाइल मावत नाही, त्यामुळं व्हिडिओवाल्यांना तो नाहीच चालत.

उपसला गेलाय, आता?

लावल्यावर ‘या ड्राइव्हमध्ये काही अडचण आहे, स्कॅन करा’ असा निरोप आला आणि फाइली दिसत असतील, तर स्कॅनच्या आधी सगळं दुसरीकडं कॉपी करून घ्या. क्रम उलटा करू नका. स्कॅन रचना नीट करतो, आणि ती करताना ज्यांचा मालक सापडत नाही असे तुकडे ‘फाउंड डॉट ००० ’ नावाच्या लपलेल्या फोल्डरात ‘सीएचके’ शेपटीच्या फाइली करून टाकतो. त्यांना नाव नसतं. मग एकेक उघडून ओळखत बसावं लागतं. कॉपी झाल्यावर ड्राइव्हवर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘टूल्स’, ‘चेक’.

‘यू नीड टू फॉरमॅट द डिस्क’ आलं तर ‘कॅन्सल’. याला दुसरं उत्तर नाही. आधी दुसऱ्या पोर्टला, दुसऱ्या मशीनला लावून बघा. तरी तेच आलं तर रिकव्हरी. फाइल डिलीट झाली असेल किंवा फोल्डर हरवलं असेल तर मायक्रोसॉफ्टचं २०२० साली आलेलं ‘विंडोज फाइल रिकव्हरी’ मोफत आहे, पण ते कमांडनं चालतं. पार्टिशनच दिसत नसेल तर ‘टेस्टडिस्क’, आणि काहीच जमलं नाही तर त्याच्या जोडीचं ‘फोटोरेक’. फोटोरेक फाइलीच्या आतल्या खुणेवरून तिला ओळखतं, त्यामुळं फाइल मिळते पण नाव आणि फोल्डर मिळत नाही. फोटोंना हे चालतं, पाचशे वर्ड फाइली असतील तर जीव जातो. काहीही वापरा, सापडलेल्या फाइली त्याच पेनड्राइव्हवर उतरवू नका, नाहीतर न सापडलेल्या कायमच्या पुसल्या जातात. आणि हे सगळं होईपर्यंत त्यावर नवीन काही टाकायचं नाही, अँटिव्हायरसला साफसफाई करू द्यायची नाही.

पेनड्राइव्हचा आकार शून्य दाखवत असेल, किंवा ‘इन्सर्ट अ डिस्क’ म्हणत असेल, तर आतल्या कंट्रोलरनंच मान टाकलीय. फ्लॅशमध्ये कुठला डेटा कुठं आहे याचा नकाशा कंट्रोलर ठेवतो. तो लिहिताना वीज तुटली तर असं होऊ शकतं, आणि तिथं कुठलंही सॉफ्टवेअर पोचत नाही. चिपवरून डेटा काढून देणारे लोक असतात. त्यांचा खर्च नव्या पेनड्राइव्हच्या कितीतरी पट, म्हणून आत काय होतं ते आठवून ठरवा. फिरणारी हार्ड डिस्क ‘कट-कट’ वाजत असेल तर वर सांगितलेलं एकही सॉफ्टवेअर तिच्यावर चालवू नका. लगेच काढा आणि पुन्हा लावून बघायचा मोह आवरा. डोकं तबकडीला घासत असेल तर प्रत्येक वेळी लावताना थोडा डेटा खरवडला जातो, आणि पुढं ज्याच्याकडं ती न्याल, त्याला काढायला तेवढं कमी उरतं.